रानातली घोळ, दस्तरखानावरचा कुल्फा

रमजानचा महिना लागला की बाजाराची नजर फळांवर खिळते. खजूर, कलिंगड, पपई, केळी यांचे भाव दुपारी एक आणि मगरीबच्या अजानच्या तोंडावर एक. इफ्तारला, म्हणजे रोजा सोडताना, दस्तरखानावर फळांच्या शेजारी भजी, समोसे, पकोडे येतात. या गर्दीत एक जिन्नस सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण तो हातगाड्यावर क्वचितच असतो. तो असतो कांद्याच्या वाफ्यात, उसाच्या सरीत, विहिरीच्या पाटाला, जमिनीला अंग टेकून पसरलेला. लालसर गुळगुळीत देठ, चमच्याच्या आकाराची जाड, रसरशीत पाने आणि उन्हात उमलणारी इवलीशी पिवळी फुले. ही घोळ.

शेतकऱ्याला ती तण वाटते. खुरपणाऱ्या बाईला ती संध्याकाळची फुकटची भाजी वाटते. वैद्यांना आणि हकीमसाहेबांना ती औषध वाटते. तिघांचेही खरे आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंत पाणी मिळेल तिथे ती उगवते. तिची ओळख मात्र घराघरातून पुसट होत चालली आहे. रोजाच्या महिन्यात भूक, तहान आणि अन्न यांचा विचार आपोआप होतो, म्हणून या भाजीविषयी चार शब्द.

नावांचा घोळ

मराठीत 'घोळ' म्हटले की आधी गोंधळ आठवतो, आणि या भाजीच्या नावांचा खरोखरच घोळ आहे. संस्कृतात ती लोणी किंवा लोणिका. तिच्या खारट चवीमुळे 'लवण' या शब्दाशी हे नाव जोडले जाते. हिंदी पट्ट्यात तिलाच लोनिया, नोनिया म्हणतात. फारसीत ती खुर्फा, आणि हैदराबादकडच्या दखनी घरांत कुल्फा. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या मुस्लिम घरांतल्या जुन्या बायका 'घोल की भाजी' आणि 'कुल्फा' ही दोन्ही नावे सहज बोलतात. एका गोष्टीला दोन नावे असण्याची सवय आपल्या जिल्ह्याला तशी जुनीच आहे.

सर्वात गमतीचे नाव अरबीत आहे. 'बक्ल' म्हणजे पालेभाजी. हा शब्द कुरआनच्या सूरह बकरामध्येही येतो. घोळीला जुन्या अरबी ग्रंथांत 'बकला हमका' म्हटले आहे. हमका म्हणजे मूर्ख! ही भाजी मूर्ख का? तर ती नेमकी पायवाटेवर आणि पाण्याच्या वाटेत उगवते. तिथे एकतर तुडवली जाते, नाहीतर पाण्याबरोबर वाहून जाते. आपल्याकडे विहिरीच्या पाटात उगवलेली घोळ ज्याने पाहिली आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

हिची एक धाकटी बहीणही आहे. पाने बारीक, वेल नाजूक, उन्हाळ्यात मराठवाड्याच्या बाजारात येणारी चिवळ. काही गावांत तिला चिघळ म्हणतात. चिवळ आणि घोळ एकाच कुळातल्या, चवीलाही जवळच्या. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच पद्धतीने करतात.

दुष्काळात टिकणारी

ही मूर्ख भाजी प्रत्यक्षात फार हुशार आहे. खुरपून बांधावर फेकली तरी कित्येक दिवस मरत नाही. देठाच्या तुकड्याला ओल मिळाली की पुन्हा मुळे फुटतात. परिस्थिती चांगली असेल तर एक रोप दोन लाखांहून अधिक बिया देऊ शकते आणि त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणूनच १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगातील सर्वात त्रासदायक तणांच्या एका नामांकित यादीत घोळीला पहिल्या दहांत जागा मिळाली.

तिच्या चिवटपणाचे कारण वनस्पतिशास्त्राने शोधले आहे. ऊस, मका, ज्वारी ही पिके कडक उन्हात झपाट्याने वाढतात, त्यांची अन्न तयार करण्याची एक खास पद्धत आहे. निवडुंगाची पद्धत वेगळी. तो दिवसा पानाखोडाची छिद्रे मिटून पाणी वाचवतो आणि रात्री ती उघडून हवा आत घेतो. घोळीला या दोन्ही पद्धती जमतात. पाणी असेल तर ती उसासारखी वाढते आणि ताण पडला की निवडुंगाची युक्तीही वापरते. या दोन्ही क्रिया तिच्या पानात एकाच पेशीत चालतात, असे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले.

याचा स्वयंपाकाशी थेट संबंध आहे. पाण्याचा ताण बसलेली घोळ रात्रभर पानांत मॅलिक आम्ल साठवते. सफरचंदाचा आंबटपणा याच आम्लाचा. दिवसा ते वापरले जाते. त्यामुळे पहाटे तोडलेली घोळ जास्त आंबट लागते आणि संध्याकाळी तोडलेली सौम्य. आंबट आवडत असेल तर सकाळची जुडी घ्यावी, नसेल तर संध्याकाळची. जुन्या बायकांना हे पुस्तक न वाचता माहीत होते.

पानात काय आहे?

शंभर ग्रॅम कच्च्या घोळीत सुमारे ९३ ग्रॅम पाणी असते आणि उष्मांक अवघे २०. पोटॅशियम जवळपास ४९४ मिलिग्रॅम, म्हणजे वजनास वजन केळ्यापेक्षा जास्त. मॅग्नेशियम ६८ मिलिग्रॅम, कॅल्शियम ६५, लोह २ आणि क जीवनसत्त्व सुमारे २१ मिलिग्रॅम.

पण शास्त्रज्ञांचे लक्ष तिच्याकडे गेले ते वेगळ्या कारणाने. हृदयासाठी हितकर मानली जाणारी ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले म्हटली की आपल्याला मासे आठवतात. डॉ. आर्टेमिस सिमोपोलस यांनी १९८६ मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये दाखवले की घोळीच्या शंभर ग्रॅम ताज्या पानांत यातले एक आम्ल ३०० ते ४०० मिलिग्रॅम असते. पालेभाजीत हे प्रमाण चांगलेच मोठे आहे. माशांतले ओमेगा-३ थोडे वेगळे आणि शरीराला अधिक सहज वापरता येणारे असते, हेही लक्षात ठेवावे. तरी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या भागात, रानात आपोआप उगवणाऱ्या भाजीत हे मिळावे, ही छोटी गोष्ट नाही.

वैद्य आणि हकीम

आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शास्त्रांनी घोळीची दखल घेतली आहे. भावप्रकाश या ग्रंथात लोणी आंबट-खारट चवीची, मूळव्याध आणि मंद झालेली भूक यांवर उपयोगी अशी सांगितली आहे. युनानीत इब्ने सीना (मृत्यू १०३७) यांच्या 'अल-कानून फित्-तिब' या ग्रंथापासून ती औषधांच्या यादीत आहे. तिचा मिजाज, म्हणजे प्रकृती, 'सर्द व तर' मानतात. थंड आणि ओलावा देणारी. तहान, पोटातली आग, लघवीची जळजळ यांवर हकीम 'तुख्म-ए-खुर्फा' देतात, म्हणजे घोळीच्या काळ्या बिया. त्या पाण्यात वाटून गाळलेल्या पेयाला 'शीरा' म्हणतात. आपला रव्याचा शिरा हा नव्हे!

गंमत अशी की आयुर्वेद तिला रूक्ष म्हणतो आणि युनानी तर, म्हणजे ओली. दोन शास्त्रांची मोजमापे वेगळी आहेत. कोण बरोबर, या वादात न पडता एवढे पाहावे की दोघांनीही तिला तण म्हणून फेकून दिले नाही. चीनमध्ये तिचे नाव 'घोड्याच्या दातांची भाजी' अशा अर्थाचे आहे आणि तिथले वैद्य ती आमांशावर देतात.

आधुनिक पद्धतीने केलेले अभ्यास थोडे आहेत, पण आहेत. इराणमध्ये ४८ मधुमेही रुग्णांना पाच आठवडे रोज १० ग्रॅम घोळीच्या बिया दह्यासोबत देण्यात आल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांची उपाशीपोटीची साखर काही प्रमाणात कमी झालेली दिसली. अभ्यास लहान होता, काळही थोडा होता. त्यावरून कुणी गोळ्या बंद करून घोळ खायला लागले तर ते धोक्याचे आहे. मधुमेह असणाऱ्यांनी रोजे धरण्यापूर्वी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. घोळ भाजी म्हणून खावी, इलाज म्हणून तिच्यावर विसंबू नये.

दोन स्वयंपाकघरे, एक जुडी

आपल्याकडे घोळ ज्वारीच्या भाकरीबरोबर शोभते. मूगडाळ घालून केलेली सुकी भाजी सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, उत्तम. एक जुडी घोळ तीन-चार पाण्यांतून धुवून चिरावी. अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवावी. तेलात मोहरी, जिरे, आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, हिरवी मिरची आणि कांदा परतून डाळ घालावी. डाळ अर्धवट शिजली की घोळ घालावी. वेगळे पाणी लागत नाही, भाजीच पुष्कळ पाणी सोडते. मीठ सगळ्यात शेवटी, चव पाहून. घोळ मुळात खारट असते आणि सहरीला मीठ जास्त झाले तर दिवसभर तहान छळते.

इफ्तारला दह्यातली कोशिंबीर करावी. कोवळी पाने आणि शेंडे दोन मुठी, एक काकडी, वाटीभर दही, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट आणि वरून जिरे-लसणाची फोडणी. भज्यांच्या दोन प्लेटांपैकी एक कमी करून ही वाटी ठेवली तर रात्रीच्या तरावीहच्या नमाजमध्ये पोट जड वाटणार नाही. तुर्कस्तानात घोळ अशीच दही-लसणात कालवतात. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडे रमजानच्या दस्तरखानावर 'फत्तूश' नावाची कोशिंबीर असते. तिच्यात शिळ्या रोटीचे कुरकुरीत तुकडे, काकडी, टोमॅटो, लिंबू आणि आपली हीच घोळ.

दखनी घरांतला खास पदार्थ म्हणजे कुल्फा गोश्त. अर्धा किलो मटण कांदा, आले-लसूण, हळद, मिरचीवर नेहमीसारखे मऊ शिजवून घ्यायचे आणि दोन जुड्या कुल्फा नंतर घालून दहा मिनिटे मंद आचेवर ठेवायचे. टोमॅटो, चिंच काही नको, आंबटपणा कुल्फ्याचाच. मटण न खाणाऱ्या घरांत हेच काम हरभऱ्याची डाळ करते. घोळ, भिजवलेली हरभरा डाळ आणि ताकाला बेसन लावून केलेली पातळ भाजी मराठवाड्यात पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. मसाला बदलतो, जुडी तीच असते.

दही-ताकाची ही जोड केवळ चवीची नाही. घोळीत ऑक्झलेट नावाचा घटक भरपूर असतो. तो मुतखड्याला कारण ठरू शकतो. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की घोळ दह्यात मिसळली की शरीरात शोषले जाणारे ऑक्झलेट बरेच कमी होते, कारण दह्यातले कॅल्शियम त्याला बांधून ठेवते. ताकातल्या भाजीची रीत ज्यांनी घालून दिली, त्या बायकांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत.

कुणी जपावे?

मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ टाळावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तिच्यातले पोटॅशियमही घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. गरोदर महिलांनी बियांचे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये.

ओळख नीट हवी. घोळीसारखेच जमिनीवर पसरणारे दुधी नावाचे तण असते, तिची पाने पातळ असतात आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीचा रस पाण्यासारखा असतो. चीक दिसला की भाजी टाकून द्यावी. दुसरे एक तणही लांबून घोळीसारखे दिसते, पण त्याची फुले पांढरट-गुलाबी असतात. घोळीचे फूल पिवळे आणि बियांची बोंडे झाकणाच्या डबीसारखी उघडणारी. शंका असेल तर जाणत्या माणसाला दाखवावे. धाराशिवात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, झाडे ओळखणारी माणसे तिथे भेटतात.

औषध कशाला म्हणायचे?

मागच्या आठवड्यात बाजारात एका मावशींच्या पाटीत मेथी-शेपूच्या कडेला घोळीच्या चार जुड्या दिसल्या. मी विचारले, "मावशी, घोळ कुठल्या रानातली?"

"विहिरीकडच्या वाफ्यातली हाय सर. तिकडं औषध मारत न्हाईत." मग जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "आता खुरपायला बोलावतंय कोण? पंपानं औषध मारलं की तण बी गेलं आन् आमचा रोज बी गेला."

आपल्या भाषेत तणनाशकालाही 'औषध' म्हणतात. ज्याने तण मरते ते औषध, आणि जे तण म्हणून मरते तेही औषध. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मजुरी वाढली, वेळेवर माणसे मिळत नाहीत, पावसाचा भरवसा नाही, आणि घोळ पिकाचे पाणी-खत खाते हेही खोटे नाही. पण हिशेबात एक गोष्ट धरली जात नाही. खुरपणीला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत घोळ, तांदुळजा, पाथरी घेऊन घरी यायची. मजुरीच्या पैशात हात न घालता घरात भाजी व्हायची. १९७२ च्या दुष्काळात अशा रानभाज्यांनी किती घरांना हात दिला, हे जुनी माणसे अजून सांगतात. फवारलेल्या रानातून ती भाजी आणता येत नाही. ती उगवलेली दिसते, पण खाण्याजोगी राहत नाही.

शहरातही तेच. गटाराच्या कडेची, रस्त्यालगतची घोळ तोडू नये. ही वनस्पती मातीतले क्षार आणि जड धातू शोषून घेते. म्हणजे घोळ संपलेली नाही, ती सहज संपणारही नाही. संपत चालली आहे ती तिच्यासाठी स्वच्छ जागा आणि तिला ओळखणारी नजर. मी वर्गात विचारले तेव्हा बहुतेक मुलांना ब्रोकोली माहीत होती, घोळ सांगू शकणाऱ्या दोनच मुली निघाल्या. एक वाशी तालुक्यातल्या शेतकऱ्याची, दुसरी शहरातल्या एका खाटीक कुटुंबातली. एकीने घोळ म्हटले, दुसरीने कुल्फा. आपण एकाच भाजीविषयी बोलतो आहोत, हे त्यांना तिथेच कळले.

करण्यासारखे थोडेच आहे, पण ते आजपासून करता येते. शेत असेल त्यांनी विहिरीजवळचा एखादा वाफा फवारणीतून वगळावा आणि खुरपणाऱ्या बायकांना तिथली भाजी नेऊ द्यावी. विकत घेणाऱ्यांनी भाजीवालीला रान विचारावे. विचारणारे वाढले तर न फवारलेल्या भाजीला किंमत येते. आणि ज्यांच्याकडे फक्त गच्ची किंवा खिडकी आहे, त्यांनी बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या बाजूला काढाव्यात, खालची पाने खुडावीत आणि कुंडीत खोचाव्यात. ऊन भरपूर, पाणी बेताचे. आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. रमजानच्या पहिल्या आठवड्यात खोचलेल्या काडीचे शेंडे ईदच्या सुमारास खुडता येतील. त्यातली एक वाटी कोशिंबीर शेजारच्या घरीही जावी, आणि सोबत तिचे नावही सांगावे, जे आपल्या घरात बोलले जाते ते.